तिसरी पिन

या अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "राऊतकाका, हलकंफुलकं लिहा. तुमच्या कामात गमती असतीलच." गमती आहेत, नाही असं नाही. पण या कामाबद्दल लिहायला बसलो की मला आधी राग येतो, आणि वयाच्या सहासष्टाव्या वर्षी राग गिळून हलकंफुलकं लिहायची कला काही मला साधलेली नाही. तेव्हा हा लेख रागाचा आहे असं वाचकांनी धरून चालावं. त्यातला बराचसा राग इतरांवर आहे. उरलेला ज्याच्यावर आहे तो माणूस या लेखाखाली सही करणार आहे.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनांच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं काढली. टाक्यांमधला दाब, तापमान, पातळी मोजणारी उपकरणं सांभाळायची, हे काम. काटा खरं बोलतोय की खोटं, एवढं ओळखण्यात आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावर बोईसरला घराच्या पुढच्या खोलीत टेबल मांडलं, सोल्डरिंगची बंदूक आणि मल्टिमीटर ठेवला, आणि लोकांचे बिघडलेले अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करायला लागलो. आधी बँजो पार्टीवाले यायचे. मग की-बोर्डवाले यायला लागले. आणि गेल्या काही वर्षांत जो तो घरात स्टुडिओ काढायला लागला. पत्र्याच्या खोलीला आतून अंड्यांचे ट्रे चिकटवायचे, एक कॉम्प्युटर, एक माइक आणि एक मिडी की-बोर्ड आणायचा, झाला स्टुडिओ. कुंभवलीत, बोईसरात, पालघरला असे किती तरी आहेत. पाळीवरून आलेला माणूस आंघोळ करून थेट गाणं बांधायला बसतो, याचं मला कौतुक आहे. हळदीची गाणी, देवीची गाणी, पोराच्या वाढदिवसाची गाणी, सगळी आता आपल्याकडेच तयार होतात.

कौतुक इथं संपलं. आता वीज.

मिडी की-बोर्ड म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. दिसायला तो पेटीच्या पट्ट्यांसारखाच असतो, पण त्याला स्वतःचा आवाज नसतो. पट्टी दाबली की तो वायरीतून कॉम्प्युटरला एवढंच कळवतो की अमुक पट्टी इतक्या जोरात दाबली आणि आता सोडली. सनई वाजवायची की व्हायोलिन, ते कॉम्प्युटर बघतो. आणि ज्या वायरीतून तो हा निरोप पाठवतो, त्याच यूएसबीच्या वायरीतून त्याला जगायला वीज मिळते. पाच व्होल्ट, तीही मोजकी. हे एवढं साधं आहे. पण की-बोर्ड घेताना त्यात पट्ट्या किती, दिवे किती, रंग कोणता हे लोक तासभर विचारतात आणि वीज कुठून घेणार हे एकही जण विचारत नाही. विकणाराही सांगत नाही. मोबाइलवर व्हिडिओ टाकणारे विद्वान तर त्याविषयी चकार शब्द काढत नाहीत, कारण व्हिडिओत दिवे लागलेले असले की त्यांचं भागतं.

पालघरचे एक गृहस्थ माझ्याकडे जळका की-बोर्ड घेऊन आले होते. सरकारी कचेरीत बऱ्या हुद्द्यावर होते. त्यांच्या की-बोर्डला वेगळा अ‍ॅडॉप्टर लावायची सोय होती. मूळचा हरवला म्हणून त्यांनी इंटरनेटच्या डब्याचा लावला. त्याचे व्होल्ट जास्त, शिवाय मधल्या टोकाला अधिक हवं तिथं उणे. मी विचारलं, वरचं लेबल वाचलं नाही का? तर म्हणाले, पिन बसली की. पिन बसली म्हणजे चालायलाच पाहिजे, नाही तर कंपनीनं ती बसेल अशी केली कशाला? अर्जावर एक सही कमी असली तर हाच माणूस समोरच्याला परत पाठवतो. घरातल्या यंत्राला मात्र बसेल ते चालतं. मी त्यांना त्यांचा की-बोर्ड परत दिला आणि दुरुस्त होणार नाही असं सांगितलं. तो झाला असता, पण त्या दिवशी माझा हात चालेना.

आता विलासची गोष्ट. तिच्यासाठीच हा लेख लिहायला होकार दिला.

विलास मूळचा बीडकडचा. आमच्या वसाहतीतल्या एका कारखान्यात ऑपरेटर आहे आणि कुंभवलीला राहतो. घराला लागून सिमेंटच्या कोब्याची, पत्र्याच्या छपराची एक खोली आहे, तिथं त्याचा स्टुडिओ. माणूस मेहनती, कानाचा पक्का. मागच्या वर्षी गणपतीनंतर त्याचा फोन आला की की-बोर्ड वाजवता वाजवता मधेच मरतो, कधी एखादा सूर अडकून पडतो तो कॉम्प्युटर बंद करेपर्यंत थांबत नाही. मी गेलो. बघतो तर कॉम्प्युटरच्या एका भोकात चार भोकांचा फुकटातला हब, आणि त्यावर की-बोर्ड, माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा, मोबाइलचा चार्जर आणि एक छोटा पंखा. खोलीत उकडतं म्हणून पंखा. तो जोरात फिरला की सूर गेलाच. अर्ध्या इंची नळावर सहा घरं जोडल्यावर शेवटच्या घरात पाणी येत नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. पण हबवर भोकं चार आहेत म्हणजे चार वस्तू चालणार, असं या माणसांनी ठरवूनच टाकलेलं असतं. मी त्याला बरंच झापलं. पंखा आणि चार्जर काढायला लावले, की-बोर्डसाठी स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेला चांगला हब आणायला लावला, वीज वाचवण्यासाठी कॉम्प्युटर मधूनच यूएसबीला झोपवतो ते बंद करून दिलं. की-बोर्ड त्यानंतर मेला नाही. इथवर मी शहाणा होतो.

आठवड्यानं पुन्हा फोन. आता स्पीकरमधून घरघर येते. हा आजार जुना आहे. कॉम्प्युटर एका बोर्डावर आणि स्पीकर दुसऱ्या बोर्डावर असले, दोघांचं अर्थिंग वेगवेगळ्या वाटेनं गेलं आणि मधे आवाजाची वायर जोडली, की ती घरघर स्पीकरमधून ऐकू येते. याला बरोबर उपाय असा की सगळं एकाच बोर्डावर आणायचं, आणि तरी राहिली तर आवाजाच्या वायरीत एक छोटा ट्रान्सफॉर्मर घालायचा. तो ट्रान्सफॉर्मर त्या दिवशी माझ्या पिशवीत नव्हता. बोर्ड हलवायचा तर भिंतीतून वायर न्यायला हवी होती. मला घरी जायची घाई होती. म्हणून मी जी गोष्ट एकतीस वर्षांत कारखान्यात एकदाही केली नाही ती केली. स्पीकरच्या तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा कन्व्हर्टर लावला, म्हणजे अर्थिंगची तिसरी पिन बाहेरच राहिली. घरघर गेली. विलास खूश झाला. मी म्हणालो की हे तात्पुरतं आहे, ट्रान्सफॉर्मर घेऊन येतो. मी गेलो नाही. विसरलो असं म्हणण्यात अर्थ नाही, मला ते आठवत होतं आणि मी गेलो नाही.

ज्यांना ही तिसरी पिन फालतू वाटते त्यांच्यासाठी थोडं थांबतो. दोन पिनांवर यंत्र चालतं, म्हणून तिसरी शोभेची आहे असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. लोक पक्कड घेऊन ती कापतात, कारण बोर्डात भोकं दोनच असतात. पण यंत्राच्या धातूच्या अंगावर चुकून वीज आली तर तिला जमिनीत जायची वाट ही पिन देते. ती नसली तर वीज वाट बघत बसते. आणि मग जो माणूस त्या धातूला हात लावून जमिनीवर उभा असतो, तीच तिची वाट होते. कॉम्प्युटरच्या वीजपेटीतून तर थोडी वीज अंगावर नेहमीच झिरपत असते. तिची रचनाच तशी आहे, तिसरी पिन असणार असं धरूनच ती बनवलेली असते.

विलासकडे मासवणहून एक बाई गायला यायची. वसाहतीत पॅकिंगच्या कामाला होती, सुट्टीच्या दिवशी कुंभवलीला यायची. वय पंचेचाळीसच्या आसपास. हळदीची गाणी तिला आईकडून मिळालेली, आणि मासवणपासून मनोरकडच्या पाड्यांपर्यंत हळद असली की आधी तिला बोलावणं जायचं. विलासला ती गाणी तिच्या आवाजात हवी होती. तो की-बोर्डवर सनई आणि ढोलकी बांधणार आणि ती गाणार, असं ठरलं होतं. तिच्या गावातल्या म्हाताऱ्या बायांना ते फारसं पसंत नव्हतं. हळदीची गाणी मांडव नसताना गाऊ नयेत, अशी तिकडची रीत. ती तरी आली. तिची पोरगी शहरात दिली होती आणि नातीला ही गाणी कोण शिकवणार, असं ती विलासच्या आईला म्हणाली होती.

मार्गशीर्षात विलासनं मला बोलावलं. म्हणाला, काका, की-बोर्ड छान चाललाय, पण ताई माइकजवळ आल्या की मागं सरतात. सूर लावतात आणि मधेच तोंड बाजूला घेतात. तुमीच बघा एकदा.

मी गेलो तेव्हा ती दाराशी उभी होती. चपला बाहेर काढलेल्या. वाद्यांच्या खोलीत चपला घालून जायचं नाही, हे तिला कोणी सांगावं लागलं नव्हतं. मी विचारल्यावर तिनं सरळ सांगितलं, "काका, माइक चावतो. व्हटाला लागतो मुंगीसारका. हातालापन."

मी हसलो. तिच्या तोंडावर हसलो, हे इथं लिहून ठेवतो.

मग मी तपासणी केली. ती कशी केली तेही लिहितो, कारण आमच्या वसाहतीतला कुठलाही जुना माणूस अशीच करेल. निवृत्त झालो तरी मी कारखान्यातले सेफ्टी शूज घालूनच कामाला जातो. जाड रबरी तळ, पुढे लोखंडी टोपी. विजेला हात लावायचा तर बूट घालून, हा नियम पहिल्या दिवसापासून अंगात मुरलेला. विलासच्या आईनं 'बूट राहू द्या, भाऊ' म्हटलं आणि मी आत गेलो. उलट्या हातानं माइकला स्पर्श केला, कॉम्प्युटरच्या पेटीला केला. काही नाही. विलासनंही हात लावून बघितला. तो प्लास्टिकच्या फिरत्या खुर्चीवर बसलेला, खाली रबरी चटई, आणि दिवसभर त्याचा हात असतो तो की-बोर्डच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर. त्यालाही काही नाही. ती बाई अनवाणी, पुसून ओलसर राहिलेल्या कोब्यावर उभी होती, हे माझ्या डोळ्यांसमोर होतं. मल्टिमीटर पिशवीत होता. मी तो बाहेर काढला नाही. टेबलामागे वाकून प्लग बघितले नाहीत, कारण तिथं काय आहे ते मला माहीत आहे असा माझा समज होता. मीच तर लावलं होतं.

मी सांगितलं की यंत्रात काहीही दोष नाही. ताईंना माइकची सवय नाही, होईल हळूहळू.

त्या खोलीत तेव्हा ढोलकीवाला होता, विलासची बायको आणि आई होती, आणि मासवणहून तिच्यासोबत आलेल्या तिच्या दोन जावा होत्या. राऊतकाका म्हणाले यंत्रात काही नाही. माझा शब्द या भागात चालतो. मला त्याचा अभिमान होता. ती आणखी दोनदा आली, दोन्ही वेळा अर्ध्यात थांबली. मग यायची बंद झाली.

विलासनं पालघरची ऑर्केस्ट्रात गाणारी एक मुलगी बोलावली आणि तीच गाणी तिच्याकडून गाऊन घेतली. माघातल्या लग्नांत ती गाणी मोबाइलवर, डीजेवर वाजलीसुद्धा. मला तेव्हा वाटलं की विषय संपला.

फाल्गुनात माझ्या पायाचं कुरूप डॉक्टरांनी कापलं. पट्टी बांधलेली, बूट घालणं शक्य नव्हतं. त्याच दिवसांत विलासनं नवा, जास्त पट्ट्यांचा की-बोर्ड आणला आणि त्याला हबवरची वीज पुरेल का हे बघायला मला बोलावलं. मी स्लिपर घालून गेलो. दारात काढली, कारण कोबा नुकताच पुसला होता. आत जाऊन हबचा अ‍ॅडॉप्टर बघायला वाकलो. माइकचा स्टँड मधे येत होता म्हणून माइक हातात धरून बाजूला केला, आणि हात झटकन मागे आला. तोंडातून जो शब्द निघाला तो तिचाच होता. चावला.

मी मीटर काढला. माइकच्या जाळीपासून जमिनीपर्यंत शंभराच्या वर व्होल्ट दाखवले. हातात पकडून गाण्याच्या वस्तूवर शंभर व्होल्ट. मी टेबलामागे वाकलो. स्पीकरच्या प्लगला माझा कन्व्हर्टर होता. आणि कॉम्प्युटरच्या प्लगलाही तसाच दुसरा होता.

विलासनं सांगितलं की मी गेल्यावर जरा घरघर उरली होती. एक पिन काढल्यावर एवढी गेली, तर दुसरी काढल्यावर उरलेलीही जाईल असं त्याला वाटलं. गेली. म्हणजे अख्ख्या खोलीत एकाही यंत्राला जमिनीची वाट राहिली नव्हती. जेवढी वीज झिरपत होती ती माइकपाशी येऊन थांबायची, आणि अनवाणी उभ्या असलेल्या बाईच्या ओठांतून जायची. ही झिरपणारी वीज माणसाला मारत नाही, फक्त चावते. पण आतला एखादा भाग जळून पूर्ण वीज अंगावर आली असती तर ती अडवायला तिथं काहीच नव्हतं. तिच्या हातात माइक असता.

मी विलासला बोललो, खूप बोललो. तो ऐकून घेत होता आणि शेवटी हळूच म्हणाला, "काका, पहिली पिन तुमीच काढली होती ना."

मी घरी आलो तो काही न जेवता झोपलो. दुसऱ्या दिवसापासून कामाला लागलो. खोलीबाहेर खड्डा खणून मीठ-कोळसा घालून नवं अर्थिंग केलं. सगळी यंत्रं एका बोर्डावर आणली. वीज वाट चुकली की क्षणात बंद करणारा स्विच बसवला. आवाजाच्या वायरीत तो ट्रान्सफॉर्मर घातला, जो मी सहा महिन्यांपूर्वी आणणार होतो. नव्या की-बोर्डला त्याचा स्वतःचा, लेबल वाचून घेतलेला अ‍ॅडॉप्टर दिला. घरघर नाही, चावा नाही. दोन दिवसांचं काम. एवढंच होतं. मग ज्या ज्या खोलीत कुणी 'राऊतकाकांची युक्ती' म्हणून कन्व्हर्टर लावला होता तिथं गेलो. विलासनं ती युक्ती कौतुकानं चौघांना सांगितली होती, त्या चौघांनी आणखी काहींना. एका ठिकाणी तर मला म्हणाले की तिसरी पिन काढली की आवाज गोड होतो, असं एका मोठ्या जाणकारानं सांगितलंय. जाणकार त्यांच्या समोर उभा होता.

त्याच काळात पालघरची ती मुलगी विलासकडे आली होती. मी तिला विचारलं, तुला कधी काही झालं नाही का? ती आधी विलासकडे बघायला लागली. मग म्हणाली, "मुंग्या यायच्या, काका. मी हातरुमाल गुंडाळून धरायचे. पण मावशींचं काय झालं ते मला माहीत होतं. बोलले असते तर मीपण गेले असते."

यंत्र बिघडलं की आम्ही मीटर लावतो. बाई सांगते तेव्हा मीटर पिशवीत ठेवतो. माझा खरा संताप आहे तो हा.

मासवणला गेलो तेव्हा ती अंगणात वाल निवडत होती. मी ओट्यावर बसलो, पाणी घेतलं आणि सगळं सांगितलं. तिनं मान वर केली नाही. मग तिच्याकडून जे कळलं ते मला माहीत नव्हतं. मी यंत्रात काही नाही म्हटलं, ते तिच्या जावांनी गावात आणून सांगितलं. यंत्रात काही नाही, म्हणजे बाईतच आहे. मांडव नसताना हळद गायली म्हणून देवीनं ओठाला डंख केला, असं म्हाताऱ्या बायांनी ठरवलं. माघात गावात लग्नं झाली, एकाही हळदीला तिला बोलावणं आलं नाही. आईपासून चालत आलेला मान गेला. आणि त्याच मांडवांत तिची गाणी दुसरीच्या आवाजात वाजत होती.

मी म्हणालो, माझी चूक झाली. विलासला मी सगळं सांगितलंय.

ती म्हणाली, "मला खोटी पाडली ती सगळ्यांपुडं. आन खरी करता ती एकट्यात येऊन?"

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग विचारलं, काय करू? तिनं सांगितलं की वैशाखात गावच्या पाटलांच्या घरी हळद आहे. तिथं या.

मी गेलो. आयुष्यात कधी चार माणसांत भाषण केलेलं नाही. हळद लावायला बसलेल्या बायकांच्या मांडवात उभं राहून मी अर्थिंगवर बोललो. ती मांडवाच्या कडेला, बाकी पाहुण्यांत उभी होती. मी काय केलं, काय बघितलं नाही, आणि तिनं सांगितलेलं कसं अक्षर न अक्षर खरं होतं, ते सांगितलं. तिच्या जावा खाली बघत होत्या. सगळ्यांत म्हातारी बाई शेवटपर्यंत डोळे बारीक करून ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजे देवीचा कोप नवता?"

मी म्हणालो, "नव्हता, आजी. माझा आळस होता."

तिला ते कितपत पटलं मला कळलं नाही. मग चटईवर थोडी सरकली आणि शेजारच्या जागेवर हात थोपटून त्या बाईला म्हणाली, "ये गो, बस हितं." ती जाऊन बसली. पहिलं गाणं तिनंच उचललं. मला त्यातले सगळे शब्द समजले नाहीत, पण मी मांडवाबाहेर उभा राहून रडलो, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

विलासकडे ती पुन्हा गेली नाही. विलासनं स्वतः जाऊन माफी मागितली, बोलावलं. तिनं चहा दिला आणि नाही म्हणाली. ती गाणी अजूनही दुसरीच्याच आवाजात वाजतात. मी अर्थिंग दुरुस्त करू शकतो, हे नाही.

हा लेख लिहायचा ठरल्यावर मी तिला सांगायला गेलो. काळजी करू नका, म्हणालो, तुमचं नाव कुठं येणार नाही. तिनं मला जरा निरखून बघितलं, जसं मी इतकी वर्षं लोकांच्या जळक्या अ‍ॅडॉप्टरांकडे बघत आलो.

"चूक तुमची," ती म्हणाली, "आन नाव माझं का लपवता?"

तिचं नाव सुगंधा जयराम पाटील, राहणार मासवण. माइक चावत होता. ती खरं बोलत होती.